निर्दोष सुटलो तरी पोलीस व्हेरिफिकेशनला केस 'पेंडिंग', माझा अनुभव (सोलापूर)

कॅरेक्टर सर्टिफिकेट काढायचंय आणि मागं एखादी जुनी केस होऊन गेलीय अशांसाठी लिहितोय, बाकीच्यांचं काम तसं सोपंच असतंय.

2014 ला गावच्या जत्रेत छबिन्याच्या वेळी दोन गटात हाणामारी झाली. आयपीसीची 143, 147, 323, 504 ही कलमं (बेकायदा जमाव, दंगा, मारहाण, शिवीगाळ) लागली, भावकीतल्या सगळ्यांची नावं घातली त्यात माझं पण आलं. 2019 ला तालुक्याच्या कोर्टात साक्षीदार फितूर झाले आणि सगळेच निर्दोष. आता पुण्यात सिक्युरिटी सुपरवायझरचं काम मिळत होतं, तिथं खासगी सुरक्षा एजन्सीचा 2005 चा कायदा आहे त्यामुळं पोलीस पडताळणी केल्याशिवाय घेतच नाहीत.

अर्ज महाऑनलाईनच्या पीसीएस साईटवर, म्हणजे पोलिसांच्या सर्टिफिकेटसाठीची सरकारी साईट. मी राहायला कुमठा नाक्याला म्हणजे शहर, पोलीस आयुक्तालय निवडायचं, आणि केस मात्र ग्रामीणची म्हणजे एसपी ऑफिसच्या हद्दीतली, पुढचा सगळा घोळ ह्यातनंच वाढला. फॉर्ममध्ये विचारतात, कधी गुन्हा दाखल झालाय का. नेट कॅफेवाला म्हणतो, "नाही टाका ओ, कोण बघतंय." मी 'होय' टाकलं आणि पुढं निर्दोष मुक्त असं लिहिलं. अवतार सिंग केसमध्ये सुप्रीम कोर्टानं 2016 ला सांगितलंय की पडताळणीत खरी माहिती द्यायची, लपवू नये. तो निकाल सरकारी नोकरीचा आहे, पण प्रायव्हेटवाले तरी लपवलेलं कुठं चालवून घेतात?

आणि बघतात हो, चांगलंच बघतात. पोलीस स्टेशनला हवालदार साहेबांनी सीसीटीएनएसला (पोलिसांची गुन्ह्यांच्या नोंदीची कॉम्प्युटर सिस्टीम) नाव टाकलं, स्क्रीन माझ्याकडं वळवली आणि त्या ओळीवर पेन ठेवून म्हणाले, "दादा, हितं तर कोर्टात पेंडिंग दिसतंय." मी म्हटलं साहेब 2019 लाच सुटलोय. "मग कागद आणा की." त्यांचं पण बरोबर आहे, त्यांना जे दिसतंय तेच ते लिहिणार.

मोबाईलवर ई-कोर्टला (कोर्टाच्या केसेस बघायची सरकारी साईट) नाव आणि साल टाकून केस काढली, केसचा 16 अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर मिळाला, तिथं स्वच्छ 'निकाली' लिहिलेलं. पण प्रिंट चालत नाही, सर्टिफाईड कॉपीच लागते. मग एसटीनं तालुक्याला, नक्कल विभागात अर्ज, कोर्ट फी स्टॅम्प, आणि वाट बघा. कॉपी हातात आली की पहिलं शेवटचं पान बघा, अर्ज कधी केला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली ह्या तारखा आणि शिक्का तिथं असतो. आदेशात मी 'आरोपी क्र. 9', तेवढ्या ओळीवर पेन्सिलनं बारीक खूण करून दिली म्हणजे समोरच्याला शोधायला लागत नाही.

घोळ कुठं झाला ते वकीलसाहेबांनी सांगितलं. कोर्टाचा निकाल पैरवी अंमलदारामार्फत (कोर्टातलं काम बघणारा पोलीस) पोलीस स्टेशनला जातो आणि तिथं नोंद घ्यायची असते, आमच्या केसमध्ये कुणी घेतलीच नाही (पोलीस स्टेशनचं नाव घेत नाही, गावाला परत जायचंय 😄). मला ह्याचाच राग आहे. एफआयआर 24 तासांत वेबसाईटवर टाका असा सुप्रीम कोर्टाचा 2016 चा आदेश आहे, संवेदनशील गुन्हे सोडून, आणि सुटल्याची एक ओळ चढवायला मात्र माणसानं स्वतः मागं लागायचं!

मी विचारलं, रेकॉर्ड पुसता येतं का. तर 2022 च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्यात बोटांचे ठसे, फोटो 75 वर्षं ठेवायची सोय आहे, आधी कधी शिक्षा झालेली नसेल आणि अपील वगैरे संपून निर्दोष ठरला तर ते नष्ट करायचे, कोर्टानं कारण देऊन वेगळं सांगितलं नाही तर. पण हे ठसे-फोटोपुरतं, एफआयआरची नोंद वेगळी. म्हणजे 'गुन्हा दाखल' राहणार, पुढं 'निर्दोष मुक्त' लागलं पाहिजे एवढंच आपण बघायचं.

कॉपी जोडल्यावर सर्टिफिकेट आलं, त्यात केसचा उल्लेख आहे आणि निर्दोष मुक्त असं पण आहे. एजन्सीनं जजमेंटची झेरॉक्स ठेवून घेतली आणि जॉईन करून घेतलं. ग्रामीणला निकालाची नोंद घ्या म्हणून लेखी अर्ज दिलाय, दुसऱ्या प्रतीवर तारीख-शिक्क्यासकट पोच घेतलीय, आणि त्या अर्जाचं काय झालं ते विचारायला आरटीआय पण टाकलाय. उत्तर आलं की खाली लिहीन.