देवबाग ते निवती: टाकीच्या हवेच्या स्क्रूकडे लक्ष ठेवून

देवबाग म्हणजे एका हाताला कर्ली खाडी, दुसऱ्या हाताला समुद्र आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. मार्चमधल्या सकाळी लहान फायबर होडीतून संगम ओलांडायचा, भोगव्याच्या किनाऱ्याला समांतर जायचं आणि किल्ले निवतीच्या वाळूला लागायचं, यासारखा सुंदर जलप्रवास सिंधुदुर्गात दुसरा नाही असं माझं ठाम मत आहे. या प्रवासात होडीच्या मागच्या टोकाला आउटबोर्ड, म्हणजे बाहेर टांगलेलं मशीन, पायाशी २४ लिटरची लाल प्लास्टिकची टाकी आणि त्या टाकीच्या बुचावर, टाकीत हवा जायची वाट उघडणारा-मिटणारा, नखाएवढा एक स्क्रू असतो. परतीची वाट सुखाची होणं त्या स्क्रूवर बरंच अवलंबून असतं.

टाकी भरायची ती वाळूवर, होडीत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती होडीच्या तळाशी साचते, वाऱ्याने सहज निघत नाही आणि तिला एक ठिणगी पुरते. मशीन टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागणारं, असेल आणि कंपनीने ५०:१ प्रमाण सांगितलं असेल, तर २२ लिटर पेट्रोलला ४४० मिली ऑइल. आधी चार-पाच लिटर पेट्रोल, मग ऑइल, मग बूच आणि हवेचा स्क्रू दोन्ही घट्ट करून टाकी हलवायची. हलवल्यावर आत दाब चढतो, म्हणून पुढचं पेट्रोल ओतण्याआधी स्क्रू हळूच सैल करून वाफ जाऊ द्यायची. टाकी २४ लिटरची असली तरी २२ वर थांबायचं. पेट्रोल २० अंशांनी तापलं की २२ लिटरचं जवळजवळ ४०० मिलीने वाढतं, आणि त्याला जागा मिळाली नाही तर ते बुचातून बाहेर येतं.

होडी पाण्यात ढकलताना तांडेल, म्हणजे होडीचा मुख्य, पोराला विचारतो, “हवा सोडलंस मां रे?” मशीन सुरू करायची दोरी ओढण्याआधीचा हा प्रश्न. क्रम असा: पहिल्यांदा हवेचा स्क्रू सैल, मग टाकीची नळी मशीनला जोडायची, मग नळीवरचा रबरी फुगा त्यावरच्या बाणाचं टोक वर करून दाबायचा. फुगा कडक झाला की पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचलं. स्क्रू सोडायच्या आधी नळी जोडली, तर रात्रभर टाकीत साठलेला दाब पेट्रोलला थेट मशीनकडे ढकलतो.

खाडीत सगळं शांत असतं. दोन्ही काठांना माड, वाळूच्या बेटाभोवती उथळ हिरवं पाणी, मशीन अर्ध्या वेगात. स्क्रू बंद राहिला असेल तर इथे कळतच नाही, आणि खरा धोका तोच. ९.९ अश्वशक्तीचं मशीन पूर्ण वेगात तासाला साधारण चार-पाच लिटर पेट्रोल ओढतं. जेवढं पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा आत यायला हवी. ती आली नाही की आत निर्वात तयार होतो आणि मशीनचा छोटा पडद्याचा पंप त्याच्याशी झगडून हरतो. काठोकाठ भरलेली टाकी आधी दगा देते, कारण तिच्यात हवेची जागाच थोडी असते. अर्धी रिकामी टाकी बराच वेळ निभावते. त्यातून टाकी उन्हात तापलेली असेल तर सुरुवातीला आतला दाबच पेट्रोल पुढे ढकलतो, म्हणजे मशीन उलट छान चालतं. मग तो दाब संपतो.

संपतो तो नेमका संगमावर. खाडीतून बाहेर पडताना वेग वाढवावा लागतो, सुकतीचं, म्हणजे ओहोटीचं, पाणी आणि समुद्राची लाट समोरासमोर येते, आणि पेट्रोलची ओढ सगळ्यात जास्त तिथेच असते. मशीन आधी दम लागल्यासारखं खाली-वर होतं, मग बसतं. बंद होडी लाटेला आडवी होते. म्हणून संगमाच्या अलीकडे, पाणी अजून सपाट असताना, मिनिटभर पूर्ण वेग देऊन फुग्याकडे बघायचं. हात लावायचीही गरज नसते. फुगा चोखलेल्या आंब्यासारखा चपटा होऊन बसला असेल, तर अडथळा फुग्याच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला आहे. बूच सैल करा. सुस्कारा टाकल्यासारखा आवाज होऊन हवा आत गेली आणि फुगा गोल झाला, तर दोष हवेच्या वाटेचाच. आवाज आला नाही, तर नळी कुठे पायाखाली दबलीय का, टाकीतल्या ओढनळीची जाळी कचऱ्याने भरलीय का ते पाहायचं. फुगा मऊ पण गोल असेल आणि तो दाबत राहिल्यावरच मशीन चालत असेल, तर जोडणीच्या रबरी कडीतून हवा ओढली जातेय किंवा पंपाचा पडदा गेलाय.

भोगव्याचा लांबलचक किनारा डावीकडे ठेवून पुढे गेलं की निवतीचा डोंगर समोर येतो. होडी वाळूला लागते, सगळे किल्ल्याकडे निघतात, आणि टाकी भर उन्हात होडीत राहते. निघण्यापूर्वी मशीन बंद, नळी मशीनपासून काढलेली, मग हवेचा स्क्रू घट्ट, वर भिजवलेलं गोणपाट. नळी तशीच ठेवली तर तापलेल्या टाकीचा दाब कार्ब्युरेटरमधली पेट्रोल अडवणारी सुई ढकलून उघडतो आणि पेट्रोल मशीनच्या टोपणात, तिथून पाण्यात ठिबकतं. उतरून आल्यावर टाकीचं पोट फुगलेलं दिसेल. घाबरायचं कारण नाही, पण स्क्रू एकदम सोडू नका. पाव फेरा, फुस्स थांबेपर्यंत धीर, मग पूर्ण. तेव्हा जवळ विडी कोणाचीच नको.

परदेशी बनावटीच्या नव्या टाक्यांचं वागणं वेगळं आहे. अमेरिकेत २०११ पासूनच्या नियमानुसार अशी टाकी ३४.५ किलोपास्कल, म्हणजे चौरस इंचाला ५ पौंड दाबापर्यंत वाफ आत धरून ठेवते आणि निर्वात झाला की आपोआप हवा घेते. ती जास्त फुगते, म्हणून तिच्याबाबतीत थांबल्यावर नळी काढणं आणखी गरजेचं.

स्क्रू खाऱ्या हवेने जाम झाला म्हणून बुचाला खिळ्याने भोक पाडलेलं काही ठिकाणी दिसतं. हे कृपा करून करू नका. त्या भोकातून लाटेचं पाणी आत जातं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. ते पाणी शोषतं, आणि पाणी प्रमाणाबाहेर गेलं की दोन्ही मिळून वेगळे होऊन तळाशी बसतात. ओढनळीचं तोंडही तळाशीच. नवं बूच आणा, खर्च किरकोळ आहे.

देवबागला परतल्यावर टाकी टेम्पोतून न्यायची तर उभी, बांधलेली, स्क्रू घट्ट, उघड्या हौद्यात. घरी पोहोचल्यावर टाकी रिकामी करून झाली की बूच काढून गोड्या पाण्याने धुवायचं, स्क्रू चार-पाच वेळा पूर्ण आत-बाहेर फिरवायचा आणि त्याखालचा रबरी वायसर तडकलाय का ते बघायचं. बूच वाळलं की भोकातून तोंडाने फुंकून पाहायचं. पावसाळाभर पडून राहिलेल्या टाकीत कुंभारीण माशी त्या भोकात मातीचं घर करते, म्हणून गणपतीनंतर होडी काढताना हे फुंकणं पुन्हा एकदा.