हरवली की मोडली?

चावीवाल्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "हरवली की मोडली?" मोडली असेल तर निम्मी आपल्या हातात आणि निम्मी कुलपात. बारीक आकड्याने आतला तुकडा ओढून काढला, दोन्ही जुळवले, की नमुना तयार. हरवली असेल तर मात्र विचारायचं ते कुलपालाच.

आणि तो खरंच विचारतो. कडीत ओवलेल्या कोऱ्या चाव्यांमधली एक निवडतो, मेणबत्तीवर धरून तिच्यावर काजळी चढवतो, कुलपात सारतो आणि हलकासा पीळ देतो. बाहेर काढून उन्हात तिरपी धरतो. आतल्या पट्ट्या जिथे टेकल्या तिथली काजळी पुसली गेलेली असते, जेमतेम मोहरीएवढी. तेवढ्याच जागी कानशीचे दोन हात, एक फुंकर, पुन्हा काजळी, पुन्हा पीळ. गप्पा मारायला जावं तर "थांबा जरा" म्हणतो, कारण पीळ देताना बोटांना जे कळतं ते त्याला चुकवायचं नसतं.

कुलपावर '६ लिव्हर', '७ लिव्हर' असं कोरलेलं असतं. दुकानात आपण आकडा बघून भारी की साधं ते ठरवतो आणि विसरून जातो. लिव्हर म्हणजे आत एकावर एक बसवलेल्या पट्ट्या. चावीच्या दात्यांनी प्रत्येक पट्टी नेमकी उचलली गेली पाहिजे, कमी नाही की जास्त नाही, तरच कुलूप उघडणार. वकिली सोडलेल्या अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत, लालबागला, कुलपं बनवायला घेतली तीसुद्धा हा नेमकेपणा विकायलाच.

लंडनला जोसेफ ब्रामा या कुलूप बनवणाऱ्याच्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप कित्येक वर्षं ठेवलेलं होतं. ते उघडणारं हत्यार करून दाखवेल त्याला २०० गिनी, असं आव्हान त्यावर लिहिलेलं. १८५१ साली हॉब्ज नावाच्या अमेरिकन कुलूपवाल्याने ते उघडलं. लागले ५१ तास, तेही बऱ्याच दिवसांत मिळून. आमच्याकडे चावीवाल्याला अर्ध्या तासावर पाच मिनिटं लागली, तर गिऱ्हाईक घड्याळ बघायला लागतं आणि पैसे देताना घासाघीस करतं ते वेगळंच.

हल्ली चौकाचौकात मशीन आहे. जुनी चावी एका बाजूला, कोरी दुसऱ्या बाजूला, दोन मिनिटं करकर, झाली डुप्लिकेट. सोय आहे, नाही म्हणत नाही. पण मशीन झिजलेल्या चावीची झीजसुद्धा इमानाने उतरवतं. त्या नकलेची पुन्हा नक्कल काढली, की दार उघडताना चावी वरखाली हलवत बसायचं. हाताने करणारा माणूस ती झीज ओळखतो आणि दाता जरासा सोडून कानसतो.

आमच्या मजल्यावर एकदा बंद फ्लॅट उघडायला असाच एक जण आला होता. घरमालकीण समोर उभी, तरी पिशवी खाली ठेवेना. "आधी शेजाऱ्यांना बोलवा, ताई." समोरचे काका चष्मा पुसत बाहेर आले, बाईंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि "हो, ह्याच राहतात इथे" अशी साक्ष दिली. मग आत न जाता तिथेच घुटमळले.

"नाही, म्हणजे आलाच आहात तर," ते म्हणाले, "आमच्या कपाटाची चावी दिवाळीपासून सापडत नाहीये."

"हरवली की मोडली?"