मधला

आमच्या घरात टीव्हीचा आवाज मला १८वर पुरतो, आईला २४वर आणि अण्णांना ५०वर. अण्णा ७८ वर्षांचे आहेत. आवाज ५०वर गेला की खालच्या मजल्यावरच्या काकूंना मालिकेत पुढे काय झालं ते स्वतःचा टीव्ही न लावताच कळतं. तरी अण्णांची तक्रार तीच: "ऐकू येतं रे. कळत नाही."

हे वाक्य मी बरीच वर्षं चिडचिड म्हणून ऐकलं. कानाच्या डॉक्टरांनी ते निदान म्हणून ऐकलं. वय झालं की आधी वरच्या पट्टीतलं ऐकणं जातं. आ, ई, ऊ हे स्वर बरेचसे खालच्या पट्टीत असतात, त्यांना धक्का लागत नाही. स, श, फ, त, क यांची धार मात्र दोन-तीन हजार हर्ट्झच्या पुढे असते, आणि नेमकी तीच बोथट होते. म्हणजे 'सासू' आणि 'काकू' अण्णांना जवळजवळ सारखेच ऐकू येतात. मराठी मालिका बघणाऱ्या माणसाची याहून मोठी अडचण दुसरी कुठली असेल? आवाज वाढवला तर दोन्ही शब्दांमधला आ आणि ऊ मोठा होतो, बाकी काही नाही. कानात घालायचं यंत्र आणलं होतं. ते कपाटाच्या खणात असतं.

त्यात हल्लीचे टीव्ही. ते कॅलेंडरइतके पातळ झाले आणि त्यांच्या स्पीकरची तोंडं खाली, नाहीतर पाठीमागे गेली. नायिका आधी भिंतीशी बोलते, मग भिंत आपल्याला सांगते.

तेव्हा घरी होम थिएटर आणायचं ठरलं. अण्णांसाठी, असं सगळ्यांना सांगितलं. कॉलेजात असताना एका मित्राच्या घरी माझ्या पाठीमागून पहिल्यांदा हेलिकॉप्टर आलं होतं. तेव्हापासून माझ्या मनात काय आहे ते बायकोला ठाऊक आहे. ती फक्त एवढंच म्हणाली, "अण्णांसाठी ना? बरं."

आम्ही तीन भाऊ. थोरला पुण्यात, धाकटा न्यू जर्सीत, आणि मधला मी, डोंबिवलीत, आईअण्णांपाशी. थोरल्याचं मत: साउंडबार आण, एक वायर लाव आणि झोप. धाकट्याचं मत: ७.१.४च्या खाली विचारसुद्धा करू नकोस. यातला पहिला आकडा कानाच्या उंचीवर लावायच्या स्पीकरांचा, दुसरा सबवूफरचा, म्हणजे फक्त खालचे, दणदणीत सूर काढणाऱ्या डब्याचा, आणि तिसरा डोक्यावरच्यांचा. म्हणजे १२ बाय १६च्या हॉलमध्ये एकूण १२ डबे. वरून आवाज यायला वरच्या मजल्यावरची दोन मुलं पुरेशी आहेत, असं बायको म्हणाली आणि छताचे चार तिथेच कटाप झाले. सातातले दोन सोफ्याच्या पाठीमागे लागतात. आमच्या सोफ्याच्या मागे भिंत आहे आणि भिंतीच्या मागे शेजारी. तेही गेले. उरलं ५.१: समोर तीन, दोन्ही कुशींना एकेक आणि जमिनीवर एक सबवूफर.

खरेदीला लॅमिंग्टन रोडलाच जायचं, हा माझा हट्ट होता. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो. या रस्त्याचं नाव कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण वायर, सोल्डर आणि ट्रान्झिस्टर घ्यायला जाणारा माणूस लॅमिंग्टन रोडलाच जातो. अण्णांच्या लेखी मात्र या रस्त्याला तिसरंच नाव आहे: मिनर्व्हाचा रस्ता. १९७५ साली ते गिरगावात चाळीत राहायचे, लग्न व्हायचं होतं. 'शोले' मिनर्व्हाला लागला, ७० एमएम पडदा, स्टिरिओफोनिक आवाज, आणि पुढे तिथेच पाच वर्षं चालला. जय नाणं उडवतो, ते खाली पडतं, आणि खण्ण असा आवाज थिएटरात कुठेतरी होतो तेव्हा लोक खुर्चीखाली वाकून नाणं शोधायला लागले, ही अण्णांची गोष्ट. माझ्या लहानपणी त्यात शेजारचा एक माणूस वाकायचा. मी नोकरीला लागेपर्यंत अख्खी रांग वाकायला लागली. मिनर्व्हा आता नाही, पण गोष्टीतली गर्दी अजून वाढतेच आहे. तुम्ही स्वतः वाकलात का, असं विचारलं की अण्णा म्हणतात, "मी कशाला वाकू? मला माहीत होतं."

दुकानात गेलो तर दुकानदाराने आधी दोन टॉवर दाखवले. माझ्या छातीपर्यंत उंच, काळे, चकचकीत. लावले, आणि दुकानाची काच थरथरली. मला ते आवडले हे मी इथे लपवत नाही. मधल्या स्पीकरचं विचारलं तर तो म्हणाला, "साब, सेंटर तो कॉम्बो में आ जाता है, फ्री समझो."

मधला फ्री! मधला मुलगा असल्यामुळे असेल, ते वाक्य मला जरा लागलं. थोरल्याचे कपडे मधल्याला येतात आणि लाड धाकट्याचे होतात हे ठीक आहे, पण इथे तर कामाचा सगळा भार मधल्यावर असतो. सिनेमातले बहुतेक संवाद याच एका डब्यातून येतात. डावा-उजवा संगीत आणि मोटारी सांभाळतात, कुशीचे दोघे पाऊस आणि गर्दी, सबवूफर स्फोट. बोलायचं काम मधल्याचं. आणि माझ्या घरातली तक्रार तर बोलण्याचीच होती.

मधला नसला तरी काम भागतं, असं म्हणणारे आहेत. डाव्या आणि उजव्यातून एकच आवाज सारखा सोडला की तो मधोमधून आल्याचा भास होतो. खरं आहे, पण तो भास फक्त बरोब्बर मधे बसलेल्याला होतो. बाजूला बसलेल्याला सगळं बोलणं जवळच्या स्पीकरमधून येतं. अण्णांची आरामखुर्ची गेली १९ वर्षं खिडकीपाशी, पार डावीकडे आहे. स्पीकर हलतील, खुर्ची हलणार नाही.

मग मी मधल्याच्या मागे लागलो. हा डबा सहसा आडवा असतो, टीव्हीखाली मावावा म्हणून. दोन बाजूंना जाड आवाजाचे दोन वूफर, मधे बारीक आवाजाचा छोटा ट्वीटर. समोर बसलं की छान, पण बाजूला सरकलं की एक वूफर जवळ आणि दुसरा लांब होतो, दोघांच्या लाटा पुढेमागे पोचतात आणि काही ठिकाणी एकमेकींना खाऊन टाकतात. हे खाणं होतं नेमकं बोलण्याच्या पट्टीत. ज्या मधल्यात ट्वीटरच्या बरोबर खाली बोलण्यासाठी वेगळा मिड-रेंज असतो, त्यात हा दोष बराच कमी. हे तपासायचा उपाय एकच: बातम्या लावायच्या आणि स्पीकरसमोर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं. मी चाललो. दुकानदाराच्या पोऱ्याला वाटलं मला काही सांडलेलं दिसलंय, तो फडकं घेऊन आला. तिसऱ्या मधल्यासमोर डावीकडच्या टोकालाही निवेदिकेचा श आणि स वेगळा ऐकू आला. तो घेतला. टॉवर राहिले. त्यांच्या जागी त्याच कंपनीचे, त्याच मालिकेतले दोन लहान बुकशेल्फ स्पीकर आले. समोरचे तिघे एका घरातले असावे लागतात, नाहीतर पडद्यावरची गाडी डावीकडून उजवीकडे जाताना मधेच तिचा आवाज बदलतो. आम्हा तिघा भावांचा आवाज फोनवर इतका सारखा आहे की अण्णा पाच मिनिटं बोलून झाल्यावर विचारतात, "यातला कोण तू?"

वॉटवरून दुकानदाराशी थोडी वादावादी झाली. कधीकाळी आपल्याकडे स्टिरिओच्या खोक्यांवर हजारो वॉट पीएमपीओ असे स्टिकर असत. तो आकडा म्हणजे लग्नपत्रिकेवरच्या पाहुण्यांच्या पदव्या. खरा बघायचा तो आरएमएस, म्हणजे यंत्र सलग देऊ शकतं ती ताकद. त्यातही दुप्पट वॉट म्हणजे दुप्पट आवाज नव्हे, जेमतेम तीन डेसिबल जास्त, कानाला 'जरा वाढला का?' एवढं वाटण्यापुरतं. दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. सगळ्या स्पीकरांना आवाज वाटून देणारा डबा म्हणजे रिसीव्हर, तो आमच्या हॉलला ८० वॉटचा उरून पुरतो. वाचलेले पैसे मधल्यावर लावले.

घरी आणून जोडलं, लावलं, आणि बोलणं अजूनही घुमत होतं.

दोष हॉलचा होता. खाली व्हिट्रिफाइड टाइल, समोरासमोर दोन उघड्या भिंती. टाळी वाजवली की तिच्या मागोमाग एक बारीक 'टिर्रर्र' ऐकू यायचं. शब्द एकदा स्पीकरमधून यायचा आणि मग भिंती तो चारदा सांगायच्या. मी ॲकॉस्टिक पॅनेलच्या किमती बघत बसलो होतो, तेवढ्यात आईने माळ्यावरून दोन गोधड्या काढल्या, तिच्या आईने जुन्या नऊवारींच्या शिवलेल्या. एक भिंतीवर टांगली, एक टीव्हीसमोर अंथरली, खिडकीला जाड पडदा लावला. टिर्रर्र गेलं. एवढ्या सगळ्या खर्चात बोलण्याला सर्वांत जास्त फरक पाडला तो फुकटच्या गोधड्यांनी. हे मी धाकट्याला अजून सांगितलेलं नाही. मधल्याच्या पुढच्या कडेखाली मुलीचे दोन खोडरबर सरकवले, त्याचं तोंड गुडघ्यांकडे होतं ते कानांकडे आलं. त्याचा आवाज रिसीव्हरवर चार डेसिबलने बाकीच्यांपेक्षा चढा ठेवला.

सबवूफरचा प्रकार वेगळाच. खालचे सूर खोलीच्या लांबीरुंदीत अडकतात. १६ फुटांत ३५ हर्ट्झच्या आसपासचा, १२ फुटांत ४७च्या आसपासचा. एका कोपऱ्यात ते छाती हलवतात आणि दोन पावलांवर गायब होतात. त्याची जागा शोधायची जुनी युक्ती अशी: सबवूफर आपल्या बसायच्या जागेवर ठेवायचा, गाणं लावायचं आणि आपण भिंतीकडेने रांगत फिरायचं. जिथे रांगणाऱ्याला ठोका स्वच्छ ऐकू येईल तिथे सबवूफर. मी अण्णांच्या आरामखुर्चीत सबवूफर बसवला आणि रांगायला लागलो. अण्णा दारात उभे राहून खुर्चीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत होते. आई बाहेर आली. "काय पडलं रे?" सबवूफरची उत्तम जागा निघाली चपलांच्या कपाटाशेजारी, दाराजवळ. त्याच्याखाली जाड रबर घातलं, आणि रात्री दहानंतर तो बंद. खालचे सूर स्लॅबला जुमानत नाहीत आणि काकूंशी आमचे संबंध चांगले आहेत.

शेवटी रिसीव्हरबरोबर आलेला माइक खुर्चीच्या पाठीवर ठेवून मोजणी करायची होती. एकेका स्पीकरमधून चिवचिव, हूप हूप असे आवाज येतात आणि यंत्र कोण किती लांब आहे ते ओळखतं. आवाजाला एक फूट जायला मिलिसेकंदापेक्षा जरा कमी वेळ लागतो, त्यावरून हिशेब. अट एकच, घरात शांतता. मे महिना, पंखा बंद, सगळे श्वास रोखून. पहिल्यांदा कुकरची शिटी झाली. दुसऱ्यांदा भंगारवाला आला. तिसऱ्यांदा झालं, तर यंत्र म्हणे सबवूफर १७ फुटांवर आहे. तो नऊ फुटांवर होता. १७ फूट म्हणजे दाराबाहेर, जिन्यात. मी वैतागून पुस्तिका उघडली तर तिथे लिहिलेलं: हे बरोबर आहे, बदलू नका. सबवूफरच्या पोटातल्या सर्किटला आवाज सोडायला थोडा उशीर होतो, आणि यंत्र तो उशीर अंतरात मोजतं.

रविवारी संध्याकाळी सगळे बसले. मालिका लावली. आवाज २६वर. अण्णा दहा मिनिटं काही बोलले नाहीत. मग आईला म्हणाले, "ती सासू नाही गं, तिची काकू आहे." आई म्हणाली, "अहो, मी गेलं वर्षभर हेच सांगतेय."

मग त्यांनी स्वतःहून 'शोले' लावायला सांगितला. सगळा नको, नाण्यापुरता. माझ्या पोटात गोळा आला. नाण्याचा खणखणाट हा वरच्या पट्टीतला आवाज, त्यांच्या कानाने आधी सोडून दिलेल्यांपैकी. पन्नास वर्षं सांगितलेल्या गोष्टीतला तो खण्ण आता त्यांनाच ऐकू आला नाही तर काय बोलायचं, ते मला सुचेना. मी आवाज ३०वर नेला. पुन्हा ३२वर.

नाणं उडालं. पडलं.

अण्णा स्वस्थ बसून होते. मग आरामखुर्चीच्या हातावर बोट वाजवून म्हणाले, "मिनर्व्हात डावीकडे पडलं होतं. हे उजवीकडे कसं पडलं?"

मी सांगायला लागलो की मिनर्व्हातला ट्रॅक वेगळा, ही प्रत वेगळी, शिवाय तुम्ही तेव्हा कुठे बसला होतात त्यावरही असतं.

"वायरी बघ," अण्णा म्हणाले.

मी टॉर्च घेतला आणि टीव्हीच्या मागे वाकलो.