कानबाईच्या सतरा क्लिपा

शिंदखेड्याला माझं झेरॉक्स अन् ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. कानबाईचं, म्हणजे आमच्या खानदेशात श्रावणात बसवतात त्या देवीचं, विसर्जन झालं त्याच सोमवारी दुपारी एक आजी सुनेचा मोबाइल घेऊन आल्या. नातू फौजेत, श्रावणात सुट्टी मिळाली नाही, तिकडं रेंज कधी असते कधी नसते म्हणून सगळे व्हिडिओ एकात करून पाठवायचे होते. "मना नातूले आख्खी कानबाई दखाडनी शे," म्हणाल्या. क्लिपा निघाल्या सतरा, चार-पाच जणांच्या मोबाइलवरच्या.

एडिटिंगचं वेगळं सॉफ्टवेअर माझ्याकडं नाही, एज ब्राउझरमध्ये क्लिपचॅम्प हे ऑनलाइन एडिटर उघडलं अन् सगळ्या टाकल्या. बहुतेक उभ्या होत्या म्हणून स्क्रीन नऊ बाय सोळाची घेतली, आडव्या क्लिपांना वर-खाली काळे पट्टे आले ते राहू दिले, स्क्रीनभर मोठं केलं असतं तर कडेच्या बाया कापल्या गेल्या असत्या. एक क्लिप नुसती काळी दिसायची, आवाज फक्त. ती आयफोनवरून डॉक्युमेंट म्हणून आलेली एचईव्हीसी नावाच्या नव्या प्रकारची व्हिडिओ फाईल होती, माझ्या जुन्या कॉम्प्युटरला ती झेपत नव्हती. ती पाठवणाऱ्या आजींच्या पुतण्याला फोन करून तीच व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ म्हणून मागवली, लगेच चालली.

खरी अडचण क्रमाची. व्हॉट्सॲपच्या फाईलच्या नावात शूटिंगची वेळ नसतेच, त्यामुळं नावाप्रमाणं लावल्यावर विसर्जनाची मिरवणूक आधी अन् स्थापना नंतर आली. आजी खुर्ची ओढून जवळ बसल्या. "नही रे भाऊ, पहिले दयन, मंग थापना." मग त्या सांगत गेल्या अन् मी क्लिपा सरकवत गेलो, रोटाचं, म्हणजे कानबाईच्या प्रसादाचं दळण, नारळाला नथ घालून कानबाई बसवली ते, रात्रीच्या जागरणाची गाणी, सकाळी नदीवर जाताना बायांच्या फुगड्या.

दळणाची क्लिप अंधारी अन् हललेली होती, मी ती कापायला निघालो तर आजींनी माझा हातच धरला. रोटासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घेतात ना, त्या क्लिपमधी नातवाच्या नावाची मूठ पडताना ऐकू येत होती. मला माहीत असून ध्यानात आलं नव्हतं, फार वाईट वाटलं. ती पूर्ण ठेवली, आवाज वाढवला, सगळ्यात पुढं लावली.

सातशेवीस पिक्सेलच्या क्वालिटीवर एक्सपोर्ट लावलं. काम आपल्याच कॉम्प्युटरवर होतं म्हणून टॅब उघडाच ठेवला, गिऱ्हाइकांना थांबवलं. फाईल झाल्यावर आजींनी पहिलं अर्धं मिनिट दोनदा ऐकलं, मग म्हणाल्या, आता धाड.