आचंद्रार्काची मुदत

जुन्या दानपत्रांत जमीन ‘आचंद्रार्क’ दिलेली असते. चंद्र-सूर्य असतील तोवर खुशाल उपभोगा. मुदतीसाठी आकाशातली सर्वांत टिकाऊ जोडी निवडली खरी, पण कलम उलटं पडतं. सूर्य राहतो आणि जमीनच आधी जाते.

सूर्याचं वय ४६० कोटी वर्षं. दर १०० कोटी वर्षांत तो साधारण १० टक्क्यांनी प्रखर होत जातो आणि पुढच्या एवढ्या वाढीतच समुद्र आटू लागतील. म्हणजे शेतीचा प्रश्न तिथेच मिटला. खरा गोंधळ त्यानंतर ४०० कोटी वर्षांनी. गाभ्यातला हायड्रोजन सरतो, गाभा आकसून तापतो, बाहेरचे थर फुगतात आणि सूर्य तांबडा राक्षसी तारा होतो. बुध तर जातोच, शुक्रही बहुधा जातो. चुरस आहे ती पृथ्वीची.

फुगलेला सूर्य आपलेच थर उधळत हलका होत जातो आणि त्याच प्रमाणात ग्रहांच्या कक्षा रुंदावतात. एक तृतीयांश वस्तुमान गेलं, तर पृथ्वी दीडपट लांब, म्हणजे जवळपास आजच्या मंगळाच्या जागी. सुटलो म्हणावं, तर भरती आडवी येते. पृथ्वीच्या ओढीने सूर्यावर फुगवटा उठतो. सूर्य तोवर स्वतःभोवती फिरायचा जवळपास थांबलेला असतो, म्हणून फुगवटा पृथ्वीच्या मागे रेंगाळतो, तिला मागे खेचतो आणि कक्षा आत घसरते. ताऱ्याची त्रिज्या दुप्पट झाली की ही घसरण २५६ पट वेगवान होते. ग्रह जितका जड तितका फुगवटाही मोठा, त्यामुळे पृथ्वीच्या जागी गुरू असता तर तो आधी बुडाला असता. थोरपणा इथे नडतो! श्रोडर आणि कॉनन स्मिथ या खगोलशास्त्रज्ञांनी २००८ साली मांडलेल्या हिशोबात पृथ्वी वाचत नाही. वाचायला ती आजच १५ टक्के लांब असायला हवी होती.

सूर्याचा मागे उरतो तो पृथ्वीएवढा, अतिघन गाभा, म्हणजे श्वेत बटू. त्याच्या गुरुत्वाकर्षणामुळे जड मूलद्रव्यं लवकरच तळाशी बसतात. तरीही अशा बऱ्याच ताऱ्यांच्या वर्णपटात कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम दिसतं. व्हॅन मानेनचा तारा या श्वेत बटूच्या १९१७ सालच्या वर्णपटातही कॅल्शियमच्या रेषा होत्या, पण त्यांचा अर्थ लागायला कित्येक दशकं गेली. वाचलेल्या ग्रहांच्या धक्क्याने लघुग्रह आत फेकले जातात, भरतीच्या ताणाने फुटतात आणि त्यांचा चुरा ताऱ्यावर पडत राहतो. परक्या खडकांत काय होतं, हे इतक्या थेट दुसरीकडे कुठेच वाचता येत नाही.

हिशोबात न बसणारेही भेटतात. डब्ल्यूडी १८५६ या श्वेत बटूभोवती गुरूएवढा ग्रह ३४ तासांत फेरी मारतो. २०२० साली तो सापडला. तो आपल्या ताऱ्याहून कितीतरी मोठा आहे. आड आला की ताऱ्याचा निम्म्याहून अधिक प्रकाश अडतो. तारा फुगला तेव्हा ही कक्षा त्याच्या पोटात होती, म्हणजे ग्रह बहुधा लांबून नंतर आत सरकला. शेजारच्या दोन ताऱ्यांनी त्याला ढकललं असावं, असा एक तर्क आहे. जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीने ग्रहाचं तापमान मोजलं, ते निघालं उणे ८७ अंश सेल्सिअस.