पाणी कुठवर आले?

इतर कोणत्याही तीर्थक्षेत्री निघालेला माणूस गर्दी किती आहे, याची चौकशी करतो. नरसोबाच्या वाडीला निघालेला माणूस मात्र, निदान आषाढ-श्रावणात तरी, पाणी कुठवर आले आहे, असे विचारतो. आमच्या घरात हा प्रश्न इतक्या वेळा ऐकला आहे की लहानपणी मला तो देवदर्शनाच्या विधीचाच एक भाग वाटत असे. आधी प्रश्न, मग पिशवीत कोरडे कपडे, मग एसटी.

कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यात कृष्णा आणि पंचगंगा जिथे एकमेकींना भेटतात, तिथे ही वाडी आहे. दत्ताचा अवतार मानल्या जाणाऱ्या नृसिंह सरस्वतींनी येथे 12 वर्षे वास्तव्य केले आणि गाणगापूरला निघताना औदुंबराखाली आपल्या पादुका ठेवल्या, अशी दत्तभक्तांची श्रद्धा आहे. गाभाऱ्यात म्हणून मूर्ती नाही. ज्यांना आपण मनोहर पादुका म्हणतो त्यांचेच दर्शन घ्यायचे, आणि तेही लहानशा चौकटीतून वाकून. देवळाला शिखर नाही. विजापूरच्या आदिलशहाच्या मुलीला येथे दृष्टी परत मिळाली आणि त्याने हे देऊळ बांधून दिले, म्हणून त्याची घडण अशी, असे सांगतात. कथेचे पुरावे तपासण्याचे काम इतिहासकारांनी करावे. मला एवढेच वाटते की दर पावसाळ्यात पाण्याखाली जाण्याची तयारी ठेवणाऱ्या देवळाने मान फार उंच काढली नाही, हे बरेच झाले.

वाडीचा घाट खऱ्या अर्थाने पाहायचा तर तो चैत्र-वैशाखात पाहावा. नदी तेव्हा खाली सरकलेली असते आणि एरवी पाण्यात असणाऱ्या पायऱ्या उघड्या पडलेल्या असतात. वरच्या पायऱ्या पावलांनी गुळगुळीत झालेल्या, खालच्या शेवाळाने. दुपारी काळा दगड इतका तापतो की माणसे दर्शनाहून परतताना पळत पळत पाण्याकडे जातात आणि त्यालाच भक्ती समजण्याचा मोह होतो. एकदा सावलीसाठी मंडपातल्या खांबाला टेकून बसलो असताना दगडांच्या सांध्यात बोट फिरवून पाहिले, तर बोटाला पिठासारखी मऊ, राखाडी माती लागली. देऊळ रोज धुतले जाते, तरी त्या सांध्यांत गेल्या पावसाळ्याची नदी तशीच बसून होती.

पावसाळ्यात सगळे चित्र पालटते. जुलै उजाडला की आमच्याकडे पोरांच्या तोंडीसुद्धा टीएमसी आणि क्युसेक हे धरणातला साठा आणि विसर्ग मोजण्याचे शब्द येतात. कोयना धरणात किती साठा झाला, राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले का, कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने 39 फुटांची इशारा पातळी ओलांडली का आणि 43 फुटांची धोका पातळी किती दूर आहे, हे आकडे सकाळच्या चहाबरोबर घेतले जातात. वाडीचे गणित त्याहून अवघड, कारण येथे दोन नद्यांचा हिशेब एकत्र मांडावा लागतो. कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेला पुढे जायला वाट मिळत नाही, तिचे पाणी मागे तुंबते, आणि याला आमच्याकडे फुगवटा म्हणतात. त्यामुळे वाडीत पाऊस थांबलेला, आकाश निवळलेले, आणि तरीही पाणी शांतपणे एकेक पायरी चढते आहे, असे दृश्य पाहायला मिळते. मुसळधार पावसापेक्षा हे निवळलेले आकाश मला नेहमीच अधिक धास्तीचे वाटत आले आहे.

पाणी गाभाऱ्यात शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेकडील दारातून बाहेर पडते, तेव्हा त्या दाराशी स्नान करायला भाविकांची झुंबड उडते. हाच दक्षिणद्वार सोहळा. पाणी वाढताना होतो तो चढता आणि ओसरताना होतो तो उतरता, असे त्याचे दोन प्रकार आहेत. उत्सवात मिरवली जाणारी वेगळी उत्सवमूर्ती त्याआधीच वरच्या बाजूस, नारायणस्वामींच्या मंदिरात हलवलेली असते. मी हे स्नान पहिल्यांदा केले ते आजीचे मनगट धरून. खरे तर तिनेच माझे धरले होते. पाऊस अंगाला झोंबत होता आणि पाणी मात्र कोमट होते, याचे मला फार नवल वाटले. चहाच्या रंगाच्या त्या पाण्यातून उसाची पाचट, झेंडूची फुले आणि कुणाची तरी एक चप्पल वाहत आली. आजीने चप्पल हाताने बाजूला सारली आणि त्याच हाताने पाणी डोळ्यांना लावले. तिच्या दृष्टीने सरळ गोष्ट होती: एरवी आपण पायऱ्या उतरून कृष्णामाईला भेटतो, आज ती पायऱ्या चढून महाराजांच्या पायांशी आली होती.

या आनंदाला एक अडचण आहे आणि ती लपवून चालणार नाही. ज्या पाण्याला आपण हात जोडतो तेच आणखी काही फूट वर आले की गावात शिरते. 2005 मध्ये आले, 2019 मध्ये तर शिरोळ तालुक्यातली गावेच्या गावे रिकामी करावी लागली, उभा ऊस पाण्यात कुजला, आणि 2021 मध्ये पुन्हा तीच धावपळ. सोहळा कुठे संपतो आणि पूर कुठे सुरू होतो, हे पाण्याला ठाऊक नसते. वाडीतल्या माणसांना ते ठाऊक असते, म्हणून सोहळ्याच्या गर्दीत बाहेरगावचे लोक पाण्याकडे पाहून हात जोडत असताना स्थानिक माणूस मधूनच मागे वळून आपल्या गल्लीकडे नजर टाकतो.

एकदा पावसाळा सरल्यावर गेलो होतो. दर्शन झाले, आणि वाडीला येऊन बासुंदी न घेता परतणे आमच्या घरात गुन्हा असल्यामुळे एका दुकानात शिरलो. भिंती नुकत्याच रंगवलेल्या होत्या, तरी रंगाखालून एक मळकट रेघ पुसटशी दिसत होती.

"काका, यंदा पाणी कुठवर आले होते हो?" मी विचारले.

त्यांनी तराजूवरची नजर न काढता डावा हात खांद्याइतका वर उचलला आणि तळवा आडवा धरला. मग तोच हात आणखी वर नेऊन त्यांनी फळीवरचा कवठाच्या बर्फीचा डबा खाली घेतला.