पन्हाळा: अर्धा दिवस नीट वापरायचा तर

कोल्हापुरातून पन्हाळा जेमतेम वीस किलोमीटर. सकाळी लवकर निघा. पावसाळ्यात धुकं उतरलं की सज्जाकोठी या कड्यावरच्या इमारतीवरून खालचं काहीच दिसत नाही.

आधी तीन दरवाजा, लगतची अंधारबाव. ही तीन मजली काळ्या दगडाची विहीर. तळाशी पाणी, मधल्या मजल्यावर तटाबाहेर पडायची चोरवाट. वेढ्यात पाणी तुटू नये, हाच हेतू. पायऱ्या ओल्या असतात, गुळगुळीत तळव्याची चप्पल हमखास घसरते. मग अंबरखान्याची गंगा, यमुना, सरस्वती ही धान्यकोठारं. छतातल्या झरोक्यांकडे जरूर बघा.

राजदिंडी, म्हणजे गडाबाहेर पडायची छुपी वाट, चुकवू नका. जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज इथूनच विशाळगडाकडे निघाले. परतण्यापूर्वी झुणका-भाकर, दही.